गाडी गरम का होते? आधी निदान, मग पाना

मे महिन्यात कसारा घाट घ्या, खंबाटकी घ्या की कोकणात उतरणारा कुंभार्ली घ्या, रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून वाफा सोडीत उभ्या असलेल्या गाड्या दिसतातच. त्यांतील पुष्कळ गाड्या आपल्याच व्यापारी व कारागीर बांधवांच्या असतात. भिवंडीहून सूत घेऊन मालेगावकडे निघालेला टेम्पो, रत्नागिरीचा हापूस घेऊन वाशीच्या बाजाराकडे निघालेली पिकअप, नाहीतर निकाहाचे वऱ्हाड भरलेली जीप. माल वेळेवर पोहोचला नाही तर भाव जातो, हे खरेच. पण त्या भीतीने गाडी तशीच पुढे दामटली तर इंजिन जाते, आणि ते नुकसान एका खेपेच्या भावापेक्षा कितीतरी मोठे असते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ही गाडी ज्या गॅरेजमध्ये येते तेथला मिस्त्री आणि ज्याच्याकडे रेडिएटर झाळायला जातो तो कारागीर, हेही बहुधा आपलेच असतात. म्हणून हा विषय गाडीमालक व कारागीर या दोघांसाठीही लिहीत आहोत.

आपल्याकडे सर्रास आढळणारी पद्धत अशी की, गाडी गरम होते म्हटले की पहिल्या दिवशी थर्मोस्टॅट काढून टाकायचा, दुसऱ्या दिवशी रेडिएटर उतरवायचा, तिसऱ्या दिवशी वॉटर पंप बदलायचा. चौथ्या दिवशी हेड उतरते. यात एखादा उपाय लागू पडतोही, पण मालकाचे पैसे आणि मिस्त्रीचे दिवस दोन्ही वाया जातात. हकीम नाडी न पाहता औषध देत नाही. इंजिनचेही तसेच आहे.

उष्णता जाते कोठे?

इंजिनात जे इंधन जळते त्याच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच कामी येतो. तितकाच भाग धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेला मोठा हिस्सा पाण्याने वाहून नेऊन रेडिएटरच्या जाळीतून हवेत सोडायचा असतो. वॉटर पंप हे पाणी ब्लॉक व हेडमधून फिरवतो, थर्मोस्टॅट त्याला रेडिएटरकडे जाण्याची वाट उघडून देतो, आणि पंखा किंवा धावत्या गाडीचा वारा जाळी थंड करतो. चांगल्या इंजिनात पाण्याचे तापमान साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राहते. पाणी फार थंड राहणेही चांगले नाही. अशा इंजिनात इंधन जास्त लागते आणि झीजही वाढते.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचे झाकण. लोक त्याला डब्याचे झाकण समजतात. वास्तविक तो स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते, महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी तर ९५-९६ अंशांनाच उकळते. पण झाकणाने आत सुमारे ०.९ बार दाब धरून ठेवला की तेच पाणी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची रबरी वॉशर चिरली किंवा स्प्रिंग ढिली झाली की हा दाब राहत नाही, पाणी लवकर उसळते, बाटलीत जाते आणि बाटलीतून रस्त्यावर सांडते. मग "रेडिएटर खराब आहे" असे निदान होते आणि हजारोंचा खर्च सुरू होतो. झाकण काही शेकड्यांत मिळते, तेव्हा तपासणी तेथूनच सुरू करावी. मात्र झाकणावर छापलेला दाब मूळ झाकणाइतकाच असावा. जास्त दाबाचे झाकण लावले तर जुना होज पाइप फाटतो.

काटा वर चढला तर रस्त्यावर काय करावे?

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागताच एसी बंद करावा, वेग कमी करावा. ज्या गाडीत हीटर आहे तिचा हीटर पूर्ण गरमवर ठेवून त्याचा पंखा जोरात सोडावा. उन्हाळ्यात हा सल्ला जुलमी वाटतो, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो आणि घाटाचे शेवटचे वळण गाठायला तो पुरतो. काटा लाल पट्टीत गेला किंवा वाफ दिसली तर मात्र मागेपुढे पाहू नये. गाडी सावलीत घ्यावी आणि इंजिन बंद करावे.

त्यानंतर किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नये. दाबाखालचे पाणी झाकण उघडताच एकदम वाफ होऊन उसळते. चेहरा, छाती व हात भाजलेले ड्रायव्हर आपल्याकडे कमी नाहीत. थंड झाल्यावरही जाड ओले फडके धरून झाकण आधी अर्धे फिरवावे, दाब निघू द्यावा, मग पूर्ण काढावे. तापलेल्या इंजिनवर वरून गार पाणी ओतणे ही आणखी एक घातक सवय. त्याने हेडला तडा जातो. पाणी घालायचे ते इंजिन निवल्यावर सुरू करून, मंद चालवून, थोडे थोडे घालावे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या डिकीत पाण्याचा डबा असायचाच. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, डब्याची सवय मात्र अजून बऱ्याच जणांत आहे. ती चांगलीच आहे. पण दर शंभर किलोमीटरला डबा लागत असेल तर तो इलाज म्हणता येणार नाही. पाणी कोठेतरी जाते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

एक गोष्ट ड्रायव्हर लोकांना सहसा कोणी सांगत नाही. पाणी फारच कमी झाले की तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात न राहता हवेत किंवा वाफेत येतो आणि काटा एकाएकी खाली पडतो. ड्रायव्हर समजतो, गाडी थंड झाली. प्रत्यक्षात इंजिन त्या क्षणी भाजत असते. चढलेला काटा कारणाशिवाय एकदम खाली आला तर ते सुचिन्ह मानू नये, ताबडतोब थांबावे.

पहिला प्रश्न: कधी गरम होते?

मिस्त्रीने बोनेट उघडण्यापूर्वी ड्रायव्हरला दोन मिनिटे बोलू द्यावे. गाडी गर्दीत, सिग्नलवर, उभ्या उभ्या गरम होते आणि मोकळ्या रस्त्याला लागताच निवते, असे असेल तर दोष बहुधा पंख्याचा किंवा जाळीतून हवा न जाण्याचा. उलट शहरात ठीक चालते, पण घाटात किंवा भरधाव रस्त्यावर गरम होते, असे असेल तर पाण्याचे फिरणे अपुरे आहे. रेडिएटर आतून चोंदलेला, पंप झिजलेला किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा असेल. सकाळी सुरू करून पाच-सात मिनिटांतच काटा वर जात असेल तर पाणी कमी, आत हवा अडकलेली, थर्मोस्टॅट बंद अडकलेला किंवा हेड गॅस्केट गेलेली, यांपैकी काहीतरी असते. या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

पंख्याची तपासणी सोपी आहे. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवावे. काटा मध्याच्या वर जाताच विजेचा पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे. न झाल्यास आधी फ्यूज, मग रिले, मग वायरची टोके पाहावीत. जुन्या गाड्यांत रेडिएटरला दोन वायरींचा थर्मोस्विच असतो. त्या दोन वायरी एकमेकींना जोडून इग्निशन चालू केले आणि पंखा फिरला, तर मोटर चांगली व स्विच खराब. ज्या गाड्यांत पंखा कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो तेथे हा प्रयोग करू नये, स्कॅनर लावून पंखा चालवून पाहावा. मोटर बदलल्यावर वायरी उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो आणि हवा ओढण्याऐवजी ढकलतो. पंखा फिरताना दिसतो म्हणून कोणाला शंकाही येत नाही. जाळीसमोर कागद धरावा, तो जाळीला चिकटला पाहिजे. आणि हात सांभाळावा, कारण विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

डिझेलच्या मोठ्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर किंवा पंपाच्या शाफ्टवर असतो. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. त्याहून ढिला असेल तर तो घसरतो आणि पंपही मंद फिरतो. पंख्याच्या मध्यभागी तेलाचा चिकट क्लच असेल तर इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने फिरवून पाहावा. तो जड वाटला पाहिजे. गरम असतानाही भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लच गेला.

थर्मोस्टॅटबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. तो काढून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की आतल्या आत फिरणारी बगलेची वाट कायम उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते आणि गाडी आणखी तापते. इतर इंजिनांत पाणी कधी पुरेसे तापतच नाही, इंधन वाढते, तेलात गाळ साचतो. तपासायचा कसा? त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लोंबकळत ठेवावा की तो तळाला टेकणार नाही. सोबत थर्मामीटर धरावा आणि पातेले शेगडीवर ठेवावे. लिहिलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे व पाणी उकळीला येईपर्यंत साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. नाही उघडला तर त्याच आकड्याचा नवा घालावा.

वरचा व खालचा होज पाइप हाताने चाचपणे ही जुन्या उस्तादांची रीत, आज तापमान मोजणारी पिस्तुलासारखी यंत्रे स्वस्तात मिळतात, ती घेऊन ठेवावीत. काटा वर आणि वरचा पाइप गार, याचा अर्थ पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही. वरचा कढत आणि खालचा अगदी गार असेल तर रेडिएटर चोंदल्याचा संशय घ्यावा. जाळीवर यंत्र फिरवताना मध्येच थंड पट्टे सापडले, तर त्या जागच्या नळ्या बंद आहेत. खालचा पाइप म्हातारा झाला असेल तर इंजिनचा वेग वाढवताच पंपाच्या ओढीने तो चपटा होतो आणि पाणी अडते. गाडी उभी असताना तो ठणठणीत दिसतो, म्हणून ॲक्सिलरेटर देऊनच पाहावे. पंपाच्या खाली एक बारीक भोक असते. त्यातून पाणी ठिबकले किंवा तेथे सुकलेला पांढरा-हिरवा डाग दिसला तर पंपाची सील गेली, भोक बुजवू नये.

रेडिएटरचे कारागीर

जाळी बाहेरून चोंदणे आणि आतून चोंदणे हे दोन वेगळे आजार आहेत. यंत्रमागाच्या गावांत कापसाचा तंतू, उसाच्या भागात पाचट, पावसाळ्यात चिखल असे काहीबाही जाळीत बसते. एसीच्या गाडीत पुढे कंडेन्सर व मागे रेडिएटर असतो, आणि खरा कचरा त्या दोघांच्या मधल्या फटीत साचतो. तो समोरून दिसत नाही. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने मारावे. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात.

आतून चोंदलेल्या तांबे-पितळेच्या रेडिएटरची टाकी उतरवून, नळ्यांतून पोलादी पट्टी फिरवून, पुन्हा कथलाची झाळ देणे हे आपल्या कारागिरांचे पिढीजात कसब. पण नव्या मोटारींत हा रेडिएटर आता क्वचितच येतो. तेथे ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असते. तिला कथील धरत नाही. ज्यांचे दुकान फक्त झाळकामावर उभे आहे त्यांनी याचा विचार केला पाहिजे. ॲल्युमिनियमचे टिग वेल्डिंग शिकणे, टाकीच्या कडेचे दाते उघडून रबर गॅस्केट व टाकी बदलणे, दाते पुन्हा सारखे दाबणे ही कामे शिकता येण्याजोगी आहेत. जुने ट्रॅक्टर, जनरेटर यांचे तांब्याचे काम अजून येते, पण मुलाच्या हाती दुकान देताना नुसती झाळ देऊन चालणार नाही.

कोणताही रेडिएटर परत देण्यापूर्वी तोंडे बंद करून, पाण्याच्या हौदात बुडवून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरून बुडबुडे पाहावेत. हेही सांगितले पाहिजे की जुन्या झाळेत शिसे असते आणि जस्त विरघळवलेल्या ॲसिडची वाफ छातीला बाधते. बंद खोलीत, राहत्या घरात हे काम करू नये. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि कामाचे कपडे लेकरांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

पाणी कोणते घालावे?

विहिरीचे व बोअरचे पाणी क्षारांचे. त्या क्षारांचा थर आत बसला की उष्णता बाहेर जात नाही, जसा चहाच्या किटलीत पांढरा थर बसतो तसाच. वाटेत अडचण असेल तर मिळेल ते पाणी घालावे, पण नंतर ते काढून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी व कूलंट भरावे. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असे विचारले जाते. नुसते पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा उष्णता थोडी जास्तच वाहून नेते, हेही खरे. पण कूलंटमधील औषधे गंज व क्षार रोखतात आणि मिश्रणाचा उत्कलनबिंदूही वाढतो. ॲल्युमिनियमच्या हेडला नुसत्या पाण्याने खड्डे पडतात आणि मग गॅस्केट बसत नाही. किती प्रमाणात घालावे ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते, रंगावरून ठरवू नये, कारण रंगाचा सर्व कंपन्यांचा एक नियम नाही. काढलेले कूलंट रस्त्यावर वा अंगणात ओतू नये. ते गोडसर असते आणि विषारी असते. शेळी, मांजर किंवा लहान मूल त्याला तोंड लावू शकते.

गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकणे हा आपल्या ड्रायव्हरांचा जुना नुस्खा. रानात अडकल्यावर ती वेळ मारून नेते. परंतु जी हळद भोक बुजवते तीच बारीक नळ्या आणि हीटरही बुजवते. घरी पोहोचताच सर्व पाणी काढून आत धुऊन घ्यावे.

सीएनजी किट नंतर बसवलेल्या गाड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. गॅसच्या रेड्यूसरला ऊब देण्यासाठी इंजिनच्या गरम पाण्याचे दोन पाइप तोडून जोडलेले असतात. ते जोड गळतात, आणि रेड्यूसर उंचावर बसवला असेल तर हवा तेथेच अडकते. गॅस कमी-जास्त मिळत असला किंवा टायमिंग चुकले असले तरीही इंजिन तापते. याशिवाय ब्रेक धरून राहणे, क्लच घसरणे, सायलेन्सर चोंदणे ही कारणेही आहेत. पाण्याची सगळी वाट निर्दोष निघाली तर तिकडे वळावे.

हेड गॅस्केट

गळती कोठेच नाही आणि पाणी मात्र रोज कमी होते, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, तेलाच्या काडीवर दुधावरच्या सायीसारखा थर दिसतो, गार इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात, यांपैकी दोन लक्षणे असली तरी हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी मिळते. रेडिएटरच्या तोंडाची हवा त्या द्रवातून ओढली आणि निळा रंग पिवळा किंवा हिरवट झाला, तर जळालेला वायू पाण्यात येतो आहे. ही चाचणी न करता हेड उतरवू नये.

हेड उतरल्यावर नुसती नवी गॅस्केट घालून बसवणे म्हणजे तीन महिन्यांनी तेच काम फुकट करणे. सरळ पट्टी व फीलर गेज लावून हेड वाकले आहे का ते पाहावे. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही, आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात पाहावा. लेथवाल्याकडे फेसिंगबरोबर तडा तपासण्याची दाबाची चाचणीही करून घ्यावी. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्कच्या पान्यानेच आवळावेत. ताणले जाणारे बोल्ट असतील तर नवेच घालावेत.

येथे व्यवहाराची एक गोष्ट सांगणे भाग आहे. गॅस्केट गेलेल्या गाडीत गळती बुजवणारे औषध ओतून, काटा चार दिवस खाली ठेवून, ती गाडी विकण्याचा प्रकार बाजारात चालतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवून दिली होती व फसवणाऱ्या विक्रेत्याला आपल्यातला मानण्यास नकार दिला होता, तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. रेडिएटरमधली लपवलेली गळती ही तीच ओल आहे. दोष सांगून, तेवढी किंमत कमी करून विकावी. गाडी घेणाऱ्यानेही गार इंजिनावर, झाकण उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. आणि मिस्त्रीने काढलेला जुना भाग डब्यात घालून ग्राहकाला परत द्यावा, म्हणजे काय बदलले यावर वाद राहत नाही.

काम झाल्यावर पाणी भरणे घाईने उरकू नये. गाडीचे नाक थोडे उंच ठेवावे, हीटर गरमवर ठेवावा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरावे. इंजिन सुरू करून वरचा पाइप गरम होईपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, पातळी पाहत राहावे, आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाल्याशिवाय गाडी सोडू नये. मालकाला सांगावे की उद्या सकाळी, गार इंजिनावर, पातळी पुन्हा पाहा. थोडी खाली गेली असेल तर अडकलेली हवा निघाली, तेवढे भरा. परवाही खाली गेलेली दिसली तर मात्र माल भरण्याआधी गाडी परत गॅरेजला आणा.